दोन घंट्या

बाईंचा आवाज गेला तो गोष्ट सांगताना. कोल्ह्याचा घोगरा आवाज झकास निघाला, पण सशाचा बारीक आवाज काढायला गेल्या आणि गळ्यातून नुसती हवा आली. पहिलीतली मुलं खिदळली. त्यांना वाटलं, ससा घाबरलाय. घाबरल्या होत्या त्या बाई.

परदेशातल्या या शाळेत त्यांना काही वर्षं झाली होती. वर्ग रस्त्याच्या कडेला, खिडक्या सताड उघड्या आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. तिथं बोलायचं म्हणजे ओरडायचंच. घशाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, स्वरतंतू सुजलेत, गाठी धरू लागल्यात. आता जोडून सुट्टी येतेय, तेवढे दिवस तोंडातून चकार शब्द काढू नका. कुजबुजूही नका, त्यानं घसा आणखी ताणला जातो. शेवटच्या सकाळी एक वाक्य बोलून बघा. नीट निघालं तर हळूहळू वर्गावर जा. नाही निघालं तर शस्त्रक्रिया. मुख्याध्यापिकेनं बाईंच्या पाठीवर मायेनं हात ठेवला, पण पुढच्या वर्षीच्या कराराचं नाव काढलं नाही.

संगीताच्या मास्तरांनी एक बेट सुचवलं. शहरात राहिलात तर शेजारीपाजारी बोलायला लावतील, म्हणाले. तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही.

अडचण एवढीच की बाईंचे बाबा आलेले होते. आई भावजयीच्या बाळंतपणात अडकली, म्हणून म्हातारा गडी पहिल्यांदाच एकटा विमानात बसून लेकीकडे आला होता. पण बाबांबरोबर मुक्यानं राहणं बाईंना जड वाटलं नाही. त्यांचं दोघांचं बोलणं असं होतंच कुठे? बाबांनी सारा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केली. दिवसभर 'तिकीट, तिकीट' आणि 'पुढे सरका' करून घरी आले की पिशवी खुंटीला टांगायची, पाय धुवायचे आणि पलंगाच्या कडेला गप्प बसायचं. लहानपणी बाई त्यांच्या शेजारी बसून शाळेतला सगळा दिवस सांगायच्या. बाबा म्हणायचे, "हं." पुढचं सांगितलं की पुन्हा, "हं." आपलं सांगणं यांच्या कानापर्यंतही जात नाही, असं एके दिवशी त्यांच्या मनानं घेतलं आणि सांगणं थांबलं. आता फोनवर जेवलात का, गोळी घेतलीत का आणि ठेवते, एवढंच.

बेटावर त्यांना समुद्राला लागून खोली मिळाली. पुढे लाकडी ओसरी, ओसरीवर दोन वेताच्या खुर्च्या आणि उतरलं की थेट वाळू. पहिल्या सकाळी मालकीणबाईंनी चहाचा ट्रे आणून ठेवला. बाबांनी साखरेचा एक चमचा टाकला, लेकीकडे पाहिलं आणि दुसरा टाकला. बाबांना मधुमेह. घरी बाई त्यांना अर्ध्याच्या वर साखर घेऊ देत नसत. आता त्यांनी डोळे वटारले, बोट नाचवलं. बाबा शांतपणे ढवळत राहिले आणि म्हणाले, खुणा मला कळत नाहीत. मग त्यांनाच दया आली असावी. त्यांनी बाईंच्या हातात चमचा दिला.

"कपावर वाजव. एक घंटी म्हणजे थांब. दोन म्हणजे जाऊ दे. आमची गाडी जन्मभर यावरच चालली."

बाईंनी एक घंटी वाजवली, पण तोवर दुसरा चमचा पार विरघळला होता.

त्या दिवसापासून चमचा बाईंच्या ओढणीच्या टोकाला बांधलेला असायचा. आंघोळीला जायचं? दोन घंट्या, दाराच्या कडीवर. उन्हात अजून बसायचं? एक. कोरल बघायला काचेच्या तळाच्या होडीतून गेले, तेव्हा सगळे प्रवासी दाराशीच दाटून उभे राहिले. बाबांना ते बघवेना. त्यांनी जुना आवाज लावला, चांगल्या मराठीत: "पुढे सरका, पुढे मोकळं आहे." काय कळलं कोण जाणे, पण सगळे निमूट सरकले. नावाड्यानं बाबांना सलाम ठोकला. बाई तोंडावर हात ठेवून नुसत्या गदगदत होत्या. हसायलाही बंदी होती ना.

दुपारी त्या गुडघाभर पाण्यात पाठीवर तरंगत. पाणी कोमट आणि इतकं नितळ की स्वतःची सावली खालच्या वाळूवर हलताना दिसायची. पँट दुमडून काठाशी उभे असलेले बाबा त्यांच्याकडे एकटक बघत, जशी काही लेक अजून पोहायला शिकतेय.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र बाईंचं लक्ष लागेना. उद्या बोलून बघायचं होतं. आणि नाहीच निघाला आवाज तर? ओसरीवर बसून त्या गळ्यावरून सारखा हात फिरवत होत्या. बाबा समुद्राकडे बघत होते. बघता बघता बोलू लागले.

"तुझ्या वर्गात एक खडू खाणारी होती. कुरळ्या केसांची. तिची आई तिला शोधत शाळेत आली तेव्हा तू तिला बाकाखाली लपवलंस."

बाईंचा हात थांबला. ही गोष्ट त्यांनी तिसरीत असताना सांगितली होती. ती त्या स्वतःही विसरल्या होत्या.

बाबा सांगतच राहिले. निळी गाय काढलीस म्हणून चित्रकलेच्या बाईंनी कान धरला, तो प्रसंग. शिपायाच्या मांजरीला पिल्लं झाली आणि तिनं ती घंटेच्या खोलीत ठेवली, म्हणून दोन दिवस शाळेची घंटा हळू वाजवायचे. स्नेहसंमेलनात झाड झाली होतीस आणि मध्येच शिंकलीस. एकेक गोष्ट जशीच्या तशी, लेकीनं सांगितली त्याच क्रमानं.

"दिवसभर ओरडून माझा घसा फाटलेला असायचा, पोरी. हं म्हणण्याइतकाच उरायचा. तो मी तुझ्यासाठी ठेवायचो. मग तू सांगायची बंद झालीस. मला वाटलं, मोठी झाली."

बाईंच्या ओठांवर शब्द आला होता. बाबांनी ते पाहिलं आणि घाईनं हात वर केला. आत्ता नको, म्हणाले, उद्यापर्यंत सांभाळ, डॉक्टरांनी सांगितलंय. बाईंनी डोळे पुसले आणि खुर्चीच्या दांड्यावर दोन घंट्या वाजवल्या. बाबांनी मग शिंकणाऱ्या झाडाची गोष्ट पुन्हा सांगितली.

सकाळी चहा आला. होडी सुटायला वेळ होता, पण बाई काही बोलायचं नाव घेईनात. कपडे घडी केले, पिशवी भरली, पुन्हा उपसून भरली. बाबांनी सगळं पाहिलं आणि साखरेचं भांडं जवळ ओढलं. एक चमचा टाकला. दुसरा टाकला. तिसरा शिगोशीग भरला आणि कपावर तसाच धरून लेकीकडे बघत राहिले.

बाईंनी ओढणीच्या टोकाचा चमचा उचलला. बाबांनी दुसऱ्या हातानं बाईंचा कप झाकला.

"घंटी नाही. तोंडानं."

तिसरा चमचा हवेत किंचित थरथरत होता. म्हाताऱ्याचा हात, किती वेळ तग धरणार?

"बाबा, पुरे झाली साखर."

आवाज खरखरीत होता, खालच्या पट्टीत होता, पण होता. मधे कुठे तुटला नाही. 'साखर'मधला 'र'सुद्धा पूर्ण निघाला.

बाबांनी चमचा भांड्यात रिकामा केला. कपाकडे बघत, डोळे न उचलता, ते म्हणाले, "हं."

डॉक्टरांनी एकच वाक्य सांगितलं होतं, म्हणून बाई परतीच्या होडीत काही बोलल्या नाहीत. बाबांच्या खांद्याला खांदा लावून बसल्या. सगळे चढून झाले तेव्हा बाबांनी ओढणीच्या टोकाचा चमचा घेतला आणि होडीच्या लोखंडी कठड्यावर दोनदा वाजवला.

होडी सुटली.