खड्ड्यातली फांदी

साजगावच्या वळणावर खड्ड्यात स्कूटर आपटून माझ्या नवऱ्याचा पाय मोडला. आणखी कुणी पडू नये म्हणून मी त्या खड्ड्यात करंजाची फांदी रोवली, तिला लाल फडकं बांधलं. मग खड्डा बुजवा म्हणून सांगायला सरकारी कचेरीत गेले. साहेबांनी उलट मलाच विचारलं, "फांदी कुणी लावली? तिला चुकवताना कुणी पडलं, तर जबाबदार तुम्ही."

म्हणजे खड्डा कुणाचाच नाही, फांदी तेवढी माझी! घरी येताना मी ती उपटून टाकली.

खड्डा तसाच आहे. लेक स्कूटीवरून कारखान्यातून परत यायची वेळ झाली, की मी घरातून निघते. मग तेच लाल फडकं हातात धरून मी फांदीच्या जागी जाऊन उभी राहते. डंपर अंगाला चाटून जातात.