सूट नाकारलेली लाल गाडी

साताऱ्याहून निघताना मला एवढंच ठाऊक होतं, की घोटीजवळ हौशी लोकांची मोटारशर्यत आहे आणि माझा दोस्त दिगू त्याच्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारसह उतरणार आहे. नाशकात इंदिरानगरला त्याच्या घरी पोचलो, तर त्याची लेक मंजिरी म्हणाली, "काका, बाबांची गाडी आज माझ्या नव्या गाडीपुढे हरली, तर ती विकायची. बाबांनीच कबूल केलंय."

"का गं?"

"दर शर्यतीत मागे पडतात, मग महिनाभर इंजिन खोलून बसतात. सत्तरीला आले आता!"

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात आम्ही नोकरीला असताना दिगूने ही गाडी भंगारातून उचलून उभी केली होती.

घोटीपर्यंत मी लाल गाडीत बसलो आणि पस्तावलो. पेट्रोलचा वास, कानठळ्या बसवणारा आवाज, त्यात ब्रेक लागावा म्हणून दिगू पेडल दोनदा दाबायचा. उतरल्यावर गरम कांदाभजी खाल्ली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मैदान कापणी झालेल्या भातखाचरांच्या कडेला होतं. एकेक गाडी सोडायची, कमी वेळ घेईल ती जिंकली. जुन्या गाडीला पाच सेकंदांची सूट. दिगू उखडला, "सूट घेऊन जिंकायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?" त्याने ती कागदावरून खोडायला लावली.

लाल गाडी एक मिनिट बावीस सेकंदांत आली. बांधावरचे एक आजोबा म्हणाले, "आवाज लय हाय, पळत मातर नाय." मंजिरीची नवी गाडी आली एक मिनिट अठरात. म्हणजे सूट घेतली असती तर गडी जिंकला होता! मी कपाळावर हात मारला.

"नवी गाडी कुणीही पळवेल," दिगू चिडून म्हणाला. "दे इकडे किल्ली!"

तो नवी घेऊन गेला, तिथेही प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक दाबत. एक मिनिट तेवीस! मग मंजिरीने लाल गाडी काढली. वळणावर घसरली, सावरली, आणि एक मिनिट एकोणीसमध्ये परतली.

आता कोण जिंकलं म्हणायचं? माझं डोकं चालेना. दिगू मात्र लाल गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता.

"गाडी ठणठणीत आहे गं," तो म्हणाला. "ही तू ठेव. गिऱ्हाईक आता माझ्यासाठी बघ."

सगळे हसले. मंजिरीचे डोळे भरून आले.

परतताना लाल गाडी तिने चालवली, दिगू शेजारी. मी नवी गाडी घेऊन मागे. गारेगार हवा, मऊ सीट, आवाज नाही. ही चांगली की ती, मला अजूनही सांगता येणार नाही. पुढच्या गाडीचा टप उघडा होता. गिअर बदलायची वेळ आली, की दिगूचा खांदा आपोआप पुढे झुकायचा, आणि मंजिरीने गिअर टाकला की मुकाट मागे यायचा. नाशिक येईपर्यंत हेच चाललं होतं. मला ते बघवेना.