रामदेईने शिवून दिलेला कॅमेरा

फाल्गुनातल्या दशमीच्या सकाळी बरसान्यात लाडलीजीच्या, म्हणजे राधेच्या, देवळाच्या पायऱ्यांवर बसून हरदेव गोसाईने कॅमेऱ्याला भक्तिभावाने टिळा लावला आणि कॅमेऱ्याचा डोळाच घालवला.

खरं तर बाजारातल्या दुरुस्तीवाल्या रामदेईचाचीने आदल्या दिवशी तो असा बांधून दिला होता, की नवमीला गावात पोत्यांनी गुलाल उधळला तरी आत कण शिरला नव्हता. छत्रीचं काळं कापड, त्यावर पातळ प्लॅस्टिक, सांध्यांवर चिकटपट्टी. पण आज पुजाऱ्याने हातावर प्रसादाचा गुलाल ठेवला. बरसान्याचा माणूस प्रसाद झटकून टाकतो होय? या गावात नव्या म्हशीला टिळा, नव्या ट्रॅक्टरला टिळा. मग कॅमेऱ्याने काय घोडं मारलंय? फक्त त्याचं कपाळ कुठे असतं ते हरदेवला ठरवता येईना. त्याने पट्टी ओरबाडली, कापड वर सारलं, भिंग फिरवून काढलं आणि उघड्या तोंडाच्या वर चिमूट टेकवली. अर्धी चिकटली, अर्धी आत. घाबरून त्याने जोरात फुंकर मारली, तीही पान खाल्लेल्या तोंडाने.

डोळा लावून पाहिलं तर समोरचं देऊळ गुलाबी चिखलात बुडालं होतं.

आणि दुपारी बारा वाजता बरसान्याचे पुरुष ढाली घेऊन नंदगावला निघणार होते. होळीची रीतच ती: तिथल्या बायका लाठ्या हाणतात, हे ढालीखाली उकिडवे बसून झेलतात. त्यांच्यात हरदेवचे वडील, दाऊदयाल. वय चौऱ्याहत्तर, गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला. "यंदा शेवटचं," असं त्यांनी परवा जेवताना सांगितलं, आणि तेव्हा हरदेवच्या ध्यानात आलं, की गावभरच्या मुंज-लग्नांचे फोटो काढणाऱ्या आपल्याकडे ढाल धरलेल्या बापाचा एकही फोटो नाही.

तो धापा टाकत बाजारात आला तेव्हा रामदेई दुकानात बसून कुणा परगावच्या माणसाचा उद्धार करत होती. तो साहेब मिठाईच्या पिशवीत कॅमेरा घालून होळी खेळून आला होता.

"पिशवीला पेढ्याचं तूप, तुपाला गुलाल," चाची म्हणत होती. "कॅमेरा आणलास की कढई? ठेव तिथे. परवा ये."

रामदेई साठीची. नवरा सोबरन घड्याळं दुरुस्त करायचा आणि ती शेजारी बसून स्क्रू वेचून द्यायची. तो गेला तेव्हा दीर म्हणाला, दुकान विकू या. तिने नवऱ्याचं भिंग डोळ्याला लावलं आणि दिराच्याच मनगटावरचं बंद घड्याळ काढून चालू करून दिलं. पुढे होळीला कॅमेरेवाल्यांची झुंड येऊ लागली. एकाने लाल झालेलं यंत्र रडत रडत तिच्यापुढे ठेवलं. तिने ते उघडलं, आत पाहिलं आणि ठरवलं, की हे मोठ्या माणसांचं घड्याळच आहे, फक्त वेळ सांगत नाही.

तेव्हापासून होळीचे पाच दिवस तिच्या तिरस्काराचा हंगाम असतो. भिंग पुढे-मागे करणाऱ्यांना ती म्हणते, "हुक्का ओढतोस का? प्रत्येक झुरक्याला आत गुलाल जातो." बनियनने काच पुसणाऱ्यांना, "आता त्याच बनियनचा फोटो काढ." बाकी इलाज तिचा साधा. आधी हात लावायचा नाही. कॅमेरा पालथा धरायचा, रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ कुंचला. पाणी नाही, फुंकर नाही.

हरदेवने कॅमेरा पुढे केला. तिने डोळ्याला भिंग लावून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"लल्ला, पान कुठलं खाल्लंस?"

"चाची, प्रसादाचा गुलाल होता. टिळा लावला."

"आत?"

"कपाळ सापडेना."

"कॅमेऱ्याचं कपाळ सापडेना! स्वतःचं सापडतं ना? तिथे लावायचं. तिथे आत काहीच नाहीये, बिघडायला."

परगावचा साहेब हसला. चाचीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याला पेढ्यांची पिशवी आठवली.

"ओलं झालंय. परवा ये," ती म्हणाली.

"बारा वाजता बाबा निघतात. शेवटची खेप आहे त्यांची, आणि ढालीसकट एकही फोटो नाही."

"दाऊदयालची? मी नंदगावची लेक, म्हणून दर वर्षी तो मला खिजवायला येतो, की नंदगावच्या बायकांच्या लाठीत बरसान्याचा जोर नाही." तिने फुगा उचलला. "आत्तापर्यंत काय करत होतास?"

"गिऱ्हाइकांचे फोटो."

"छान. बापाकडे पैसे नव्हते वाटतं."

चाचीने कॅमेरा पालथा धरला. हवा, कुंचला, पुन्हा हवा. मग काडीच्या टोकाला मऊ कापड गुंडाळून काच पुसायचं थेंबभर औषध. तासभर हेच चाललं. शेवटी भिंग बसवून तिने कॅमेरा त्याच्या हातात दिला. डोळा लावला तर टेकडीवरचं देऊळ पुन्हा देवळासारखं दिसत होतं. कोपऱ्यात एक गुलाबी ठिपका होता.

"तो राहू दे. घाईत खरवडलं तर काच जाईल."

तिने कापड पुन्हा चढवलं, पण या वेळी चिकटपट्टी घेतली नाही. सुईत काळा दोरा ओवला आणि कॅमेऱ्याला गोधडीसारखा चहूबाजूंनी टाका घातला. पुढची काच, मागे डोळ्यापुरती जागा आणि बटणासाठी एक भोक, बस्स.

"चाची, उघडू कसा?"

"उघडायचा नाही म्हणून तर शिवलाय."

बाहेर ढोल सुरू झाले. पगड्या बांधलेले बरसान्याचे पुरुष गटागटाने नंदगावकडे निघाले होते. त्यांच्या मागे, ढाल काठीसारखी टेकत, दाऊदयाल एकेक पाऊल टाकत येत होते. हरदेव उंबऱ्यावर थबकला.

"चाची, फोटो नीट येईल ना?"

चाचीने दोरा दातांनी तोडला.

"कॅमेऱ्याचं मी बघितलं, तू बापाचे गुडघे बघ."