पहिल्या ‘नको’ला थांबणारे मामा

अन्याय झाला तो सारिकावर. नाव बदललं आहे, कारण आपल्याकडे करणाऱ्याचं नाव शाबूत राहतं आणि जिच्यावर झालं तिचं खराब होतं. सहामाहीचा अर्थशास्त्राचा पेपर सुटला त्या सोमवारी, दुपारी सव्वा वाजता, मी शिकवते त्या कॉलेजच्या फाटकात. वर्गातल्या एका मुलानं तिला “गाडीवर सोडतो” म्हटलं. ती नको म्हणाली. त्यानं पुन्हा म्हटलं. चौथ्या वेळी नको म्हणाली तेव्हा त्यानं तिचं मनगट धरून ओढलं, कमरेला हात घातला. ती ओरडली आणि भोवतालची पंधरावीस मुलं हसली. तक्रार समितीपुढे तो म्हणाला, “सर, मी फक्त आग्रह केला.” समितीनं त्याला समज दिली, म्हणजे चहा पाजून घरी पाठवलं. सारिकाचं कॉलेज तिच्या वडिलांनी मंगळवारपासून बंद केलं.

‘आग्रह’ हा शब्द ऐकला आणि मला विंझरचे मामा आठवले. माझ्या आईचे हे चुलतभाऊ लग्नकार्यात स्वयंपाक करतात आणि वाढतातही. त्यांच्याइतकी माणसं उपाशी उठवलेला वाढपी आख्ख्या भोर-वेल्ह्यात दुसरा झाला नाही. कारण एकच. पानावरच्या माणसानं पहिल्यांदा “नको” म्हटलं की मामा पुढे सरकतात. दुसऱ्यांदा विचारणं त्यांना मान्य नाही. शिवऱ्याच्या एका लग्नात बुद्धवंदना झाली, मंगल झालं, पंगत बसली, आणि नवऱ्या मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणे जिलेबीला “नको, नको” करत पानावर हात आडवा धरला. जिलेबीचं ताट पुढच्या पानावर गेलं ते परत आलंच नाही. व्याही रुसून वऱ्हाडाच्या टेम्पोत जाऊन बसले. सगळे मामांवर धावले, तर मामा शांतपणे म्हणाले, “दोनदा नको म्हणले ते. म्या एकदाच ऐकतो, हितं तर जादा ऐकलं.” घरीही तेच. पाहुणा चहाला “आत्ताच घेतला” म्हणाला की मामा तो कप उचलतात आणि त्याच्यासमोर बसून स्वतः पितात. एसटीत रिकाम्या जागेवर बसण्याआधी शेजारच्याला “बसू का?” विचारतात. एकदा एका टग्यानं गंमत म्हणून “नगा बसू” म्हटलं, तर हा माणूस नसरापूरपर्यंत उभा राहिला. तो टग्याच शेवटी वरमला आणि उठून दुसरीकडे बसला.

पुढे विद्यापीठाचं परिपत्रक आलं: लैंगिक हिंसा रोखण्यासाठी विद्यार्थ्यांना जीवनकौशल्यं शिकवा. आमच्या कॉलेजनं त्यातल्या ‘विद्यार्थ्यांना’चं ‘विद्यार्थिनींना’ केलं आणि नोटीस लावली. मुलींना वर्गात बसवून एकटीनं फिरू नका, ओढणीला पिन लावा, असं दोन तास सांगितलं. ज्यांना सांगायचं ते बाहेर क्रिकेट खेळत होते. मी भांडले. पत्रकं छापली, फाटकात वाटली. दुसऱ्या दिवशी भेळवाल्याकडे माझ्याच पत्रकात मला भेळ मिळाली. शेवटी प्राचार्य कंटाळून म्हणाले, “शिबिरात मुलांचा एक तास घ्या. वक्ता तुम्हीच आणा.” वक्ता कुठून आणणार? श्रमसंस्कार शिबिर गुंजवण्याला होतं आणि स्वयंपाकाला मामा होते.

मामांनी भाषण केलं नाही. सत्तावीस मुलांना पळ्या, वाट्या आणि आमटीच्या बादल्या दिल्या. मुली आणि सर पंगतीला बसले. नियम असा की पहिल्या नकाराला पळी मागे. पहिल्याच मिनिटाला एका पैलवान गड्यानं मुलीच्या पानात “अगं घे की, लाजतीस काय” म्हणत भात लोटला. मामांनी त्याच्या हातून भाताची पाटी काढून घेतली आणि त्याला भांडी घासायला धाडलं. पंगत उठेपर्यंत भांड्यांपाशी नऊ जण झाले. मग मुलं वाद घालू लागली.

“मामा, आग्रह न्हाई केला तर मानसं उपाशी उठतील की!”

“उठू दे. फुडच्या खेपंला खरं बोलतील.”

“आन काहीच बोलली न्हाई तर? गप बसली तर?”

“तर घास असंल तोंडात. थांब. इचार. गप बसली म्हंजी वाढ, असं कुनी सांगितलं तुला?”

“आधी वाढा म्हणली, आन पळी तिरकी केल्यावर बास म्हणली तर?”

“तर सरळ कर की पळी! तुझी हाय व्हय आमटी?”

मुलं हसली, पण पळ्या सरळ झाल्या. मी इतके दिवस पत्रकांत लिहीत होते ते या माणसानं बादलीभर आमटीत संपवलं. मला थोडा रागच आला.

शिबिराच्या शेवटच्या दुपारी मी मामांना सारिकाकडे नेलं. तिचं घर गुंजवण्यातच. परीक्षेचा फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. तो चुकला की वर्ष गेलं आणि तिचं कॉलेज कायमचं सुटलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामा उंबऱ्याबाहेर उभे राहिले. “जय भीम. यिऊ का?” तिचे वडील म्हणाले, “या की, इचारताय काय.” बसल्यावर मी अर्धं पत्रक बोलून टाकलं. वडील म्हणाले, “ताई, तुमचं खरं हाय, पन जग वंगाळ हाय. भोराकडचं एक स्थळबी आलंय.”

मामांनी विचारलं, “पोरगी काय म्हणती?”

“ती काय म्हणनार? लहान हाय.”

मामा म्हणाले, “आमची ही नववीत हुती. म्या बघाया गेल्तो. आत ती तीनदा नको म्हणली हुती, साळा शिकायची म्हून. भाईर माझ्यापतूर आले ते निस्ते पोहे. म्या दोनदा घेतले. बावीस वर्सांनी एक दिस मेथी निवडताना सांगितलं तिनं. भांडली न्हाई. निस्तं सांगितलं.” मग वडिलांकडे न बघता, “तुमी निदान आत जाऊन इचारा.”

आत जायची गरज पडली नाही. दाराआडून सारिकाच म्हणाली, “आप्पा, मला फारम भरायचाय.”

त्या दिवशी कुणी हो म्हटलं नाही. गुरुवारी ती आली, सोबत वडील. फॉर्म भरला. आठवडाभर ते रोज फाटकापर्यंत यायचे, भाताची झोडपणी टाकून. मी चिडले, तर मामा म्हणाले, “यिऊ दे गं. त्येंची लाज चालल्यानं जिरती.” आता सारिका शेवटच्या वर्षाला आहे. मुलांचा तास आता कॉलेजात दर शनिवारी होतो. तिचं मनगट धरणारा तो मुलगाही येतो, मागे बसतो. त्याला माफ कर असं सारिकाला कुणी सांगत नाही, मी सांगू देत नाही.

मामांचे गुडघे गेलेत, पंगतीत वाकवत नाही. गेल्या वर्षी त्यांनी मामींना विचारलं, “धाव्वीला बसतीस का? बाहेरून देता येती म्हणं.” मामी म्हणाल्या, “नको आता.” मामांनी पुन्हा विचारलं नाही. मामी ओसरीवर नातीचं मराठीचं पुस्तक उघडून बसतात, बोट फिरवत वाचतात. मामा लांबून बघतात, तोंड उघडतात आणि मिटतात. त्यांनी आपला नियम मोडावा असं मला त्या एकाच वेळी वाटलं.

तुमच्या वाडीवस्तीवरही अशी एक मुलगी घरी बसवलेली असेल. तिच्या बापाला, म्हणजे कदाचित तुम्हालाच, सांगते: सोमवारी तिला एसटीत बसवून द्या. आणि हात धरणारा मुलगा तुमच्या घरचा असेल, तर शनिवारी त्याला आमच्या तासाला घेऊन या. सोडून जाऊ नका, त्याच्याशेजारी बसा.