अर्धं खाचर

त्या बाईंचं नाव मला आजही ठाऊक नाही. भरे गावातल्या भातावर करपा रोग आल्याचं कळलं, म्हणून मी तिकडे गेलो होतो. रोगाबद्दलचं आमच्या संशोधन केंद्राचं पत्रक मीच लिहिलेलं, आणि ते घरोघर पोचलंही होतं. तरी भाताच्या एका खाचरात त्या बाई कमरेला पाटी धरून मुठीमुठीनं युरिया फेकत होत्या. युरियानं करपा भडकतो. मी बांधावरूनच ओरडलो, "मावशी, थांबा! पत्रक वाचलं नाही का?"

हातातली मूठ त्यांनी पाटीत सोडली. अर्ध्या खाचरात युरिया टाकून झाला होता. चिखल तुडवत त्या आल्या आणि कनवटीचं पत्रक काढून माझ्यापुढे धरलं.

"दोनदा वाचलंय. नत्र देऊ नका, आसं लिवलंय. आमी नत्र कुटं टाकतोय? आमी युरिया टाकतोय."

"मावशी, युरिया म्हणजे नत्रच."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मागे वळून खाचराकडे एकदा पाहिलं. मग माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं, 'नत्र' खोडून मोठ्या अक्षरांत 'युरिया' लिहिलं आणि कागद माझ्या हातात कोंबला.

"हितं हुबं ऱ्हाऊ नगा. आख्ख्या गावात ह्योच कागद गेलाय. पळा!"