मेजरसरांची काच

सकाळचे साडेदहा. दुष्काळाचं साल. विद्यापीठाच्या वसतिगृहासमोर टँकर उभा आणि पोरं एकमेकांच्या कॉलरला. मी बातमी आणायला गेलो आणि किस्सा घेऊन आलो. मेजरसर भेटले की असंच व्हायचं. बातम्या छापून संपल्या, किस्से साचत गेले.

सरांनी आमच्याकडच्या विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग उभा केला. त्याआधी ते फौजेत होते, अधिकारी व्हायला आलेल्या पोरांची मनं तपासायला. तिथली पद्धत अशी : पोरांच्या टोळीला दोर, फळी आणि पिंप देऊन अडथळा पार करायला सांगायचं, नेता नेमायचा नाही, आणि बघत बसायचं.

टँकरपाशी त्यांनी तेच केलं. पाइप स्वतःच्या हातात घेतला. "पाणी कसं वाटायचं ते तुम्ही ठरवा. मी बघतो."

पोरांनी कॉलर सोडली. मग गंगापूरची एक मुलगी ओरडली, "आधी मेसच्या मावशींचं पातेलं भरा! नायतर नुसतं पाणीच जेवावं लागंल!"

भांडण संपलं. सर मला म्हणाले, "ही कॅप्टन!"

*

सरांचा जीव प्रयोगशाळेत. दोन खोल्या, मध्ये एक काच. उजेडातल्याला ती आरसा, अंधारातल्याला खिडकी. माणूस एकटा असताना कसा वागतो ते टिपायचं, तर ही काच हवीच. तिच्यासाठी त्यांनी विद्यापीठाच्या ऑफिसातली किती टेबलं पालथी घातली!

एका बाबूनं विचारलं, "सर, होस्टेलात आरसे नायत, तुम्हाला कशापायी?"

"आम्हाला आमचं तोंड नाही बघायचं. दुसऱ्याचं बघायचंय!"

*

पुंडलिकनगरात तेव्हा घराला घर लागत होतं आणि नळ कोरडे होते. तिथले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. "अभ्यासात लक्षच नाय ह्याचं. तपासा."

मुलाला काचेपलीकडं बसवलं. छान वाचत बसला. मग सरांनी वडिलांना आत सोडलं.

"नीट बस! पेन कुठाय? पंखा कशाला लावला?"

अंधारात सर माझ्या कानाशी म्हणाले, "पेशंट सापडला!"

*

सर रिटायर झाले. पाणी नाही म्हणून उन्हाळ्यात विभागाला कुलूप लागलं. उघडलं तेव्हा भिंतीला भगदाड! काच गायब, प्रयोग बंद. मी बातमी छापली. विद्यापीठाचा खुलासा आला : "अशी काच नव्हतीच."

पुढं सर हयातीचा दाखला द्यायला विद्यापीठात आले, मी सोबत. एका बड्या साहेबांच्या केबिनबाहेर, दिवा नसलेल्या पॅसेजमध्ये बाकावर बसलो. समोर नवं पार्टिशन, मध्ये काच. त्यातून साहेब लख्ख दिसत होते. मिशीवर कंगवा फिरवत होते. दात बघत होते. पोट आत ओढून छाती काढत होते.

शिपाई म्हणाला, "रोज का है, सर. साब कू लगता, आईना है!"

मी जाब विचारायला उठलो. सरांनी मनगट धरलं. "बस खाली. निरीक्षण चालू आहे!"

काच काढायचा हुकूम कोणी दिला, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.