कुलूपवाल्याचे खरपूस बटाटे

गल्लीतल्या कुलूपवाल्याला कुठलंही कुलूप उघडता येत होतं, पण ओव्हनमध्ये बटाटे भाजणं काही जमत नव्हतं. बाहेरून करपलेले, आतून गचगचीत. अखेर बायकोने निर्वाणीचं सांगितलं: रविवारी तिचा भाऊ जेवायला येणार, आणि याही वेळी बटाटे बिघडले तर जाताना तो ओव्हन घेऊन जाणार. भाऊ तर ओव्हनवर टपूनच बसला होता, आणि कुलूपवाल्याचा जीव त्या ओव्हनमध्ये अडकला होता.

तोवर तो बटाटे कुलपांसारखे निवडायचा, म्हणजे कानाशी धरून हलवायचा. भाजीवालीने कोपरापासून हात जोडले. भाजायला पिठूळ बटाटा लागतो, मिठाच्या पाण्यात टाका, बुडेल तो आपला, असं तिने समजावलं. त्याने तिथेच बादली मागितली आणि तरंगणाऱ्या प्रत्येक बटाट्याला तोंडावर नापास केलं.

चरबीचा घोळ याहून मोठा. लोणी जळायचं, तेलाला चव नव्हती. खाटकाने बदकाची चरबी दिली. ती त्याने दुकानात वंगणाच्या डब्याशेजारी ठेवली. दोन्ही डबे सारखे, दोन्हींत पांढरट गोळा, आणि हा पठ्ठ्या चष्मा कधी लावेल तर शपथ.

रविवारी डबा उघडला आणि यंत्रांच्या वंगणाचा भपका आला. मग बदकाची चरबी गेली कुठे? शुक्रवारीच त्याने मेहुण्याच्या दाराचं अडकणारं कुलूप आतून-बाहेरून सढळ हाताने वंगण लावून सोडवलं होतं.

आता साध्या तेलावरच भिस्त. त्याने बटाटे अर्धवट उकडले, पातेल्यात हलवून त्यांच्या कडा खडबडीत केल्या, ट्रेमधलं तेल कडकडीत तापवलं आणि देवाचं नाव घेऊन आत सोडले. घरभर खमंग वास सुटला, तेवढ्यात फोन वाजला.

"दाजी, यायला जमत नाहीये," मेहुणा रडकुंडीला आला होता. "आमचा कुत्रा सकाळपासून कुलूप चाटतोय. किल्ली लावायला गेलं की गुरगुरतो."

कुलूपवाल्याने बायकोला सगळं खरं सांगून टाकलं. तिने एक बटाटा उचलून खाल्ला. कुरकुर आवाज पलीकडच्या खोलीत गेला असेल. मग दुसरा, तिसरा. चौथ्याला तिने ट्रे स्वतःकडे ओढला.

"ओव्हन इथेच राहील," ती म्हणाली. "आणि भावाच्या कुलपाला दर शुक्रवारी तेच वंगण लावत जा."